मेस्त्री मामांना पत्र: चेन सॉच्या धारेबद्दल आभार

आदरणीय मेस्त्री मामा,

सादर नमस्कार वि. वि.

हे पत्र टपालाने तुमच्या घरी न पाठवता सर्वांसमोर लिहीत आहे, याचे कारण सरळ आहे. आमच्या वाडीतली आणि आसपासच्या गावांतली माणसे हल्ली चेन सॉची, म्हणजे लाकूड कापायच्या यांत्रिक करवतीची, दातेरी चेन पिशवीत घालून माझ्या ओसरीवर येतात, धार लावून नेतात आणि माझ्या हाताची तारीफ करतात. हा हात कुणी वळवला हे त्यांना कळले पाहिजे. तुमच्यासमोर आभार मानायला गेलो तर तुम्ही विषय बदलून पावसाचे विचारता, म्हणून लिहूनच सांगतो.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या या पश्चिम अंगाला, जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत, पावसाळ्यात झाड पडणे ही काही बातमी नसते. ऑगस्ट २०१९ चा पाऊस सोडून द्या, साध्या आषाढातही एखादा फणस गोठ्यावर किंवा आकेशिया रस्त्यावर आडवी होतेच. पडलेल्या झाडाच्या सालीवर आपली तांबडी माती बसलेली असते आणि त्या मातीतली बारीक रेव चेनीचे दात पाहता पाहता बोथट करते. मग चेन बेळगावला पाठवायची, ती परत येईपर्यंत ओंडका तसाच पडून, आणि येते तेव्हा ती ग्राइंडरच्या चाकावर इतकी खाल्लेली असते की चार धारांत चेन संपते. चाक दातावर क्षणभर जास्त टेकले की दात निळा पडतो, त्याचे पाणी उतरते, आणि मग त्यावर धार टिकत नाही. जाणत्या हातातला ग्राइंडर वाईट नव्हे, हे तुम्हीच सांगितले होते. पण गिऱ्हाइकांची रांग लागलेल्या दुकानात एकेका दाताकडे बघायला कुणाला सवड असते?

अशीच एक चेन घेऊन मी तुमच्याकडे आलो, तेव्हा बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, आयुष्यभर फिटरचे काम केलेल्या माणसाने ती ठेवून घेतली असती आणि पैसे सांगितले असते, तर मला त्यात काही वावगे वाटले नसते. तुम्ही मात्र म्हणालात, "मी लावून दिलो तर परत येणार तू. कानस घेऊन ये, बस इथं." त्या एका वाक्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

कानस कोणती, हेही तुम्ही दुकानदारावर सोडले नाही. चेनीच्या ओळीने तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे करायला लावलेत, म्हणजे पिच, चेनीच्या कड्यांचे माप, कळतो. ०.३२५ इंची पिचला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, लहान यंत्रांवरच्या बुटक्या ३/८ इंची चेनीला ४ मिलिमीटरची, आणि मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५, जशी कंपनी सांगेल तशी. जाड कानस दाताच्या पोटात नीट बसत नाही आणि बारीक कानस दाताला आकड्यासारखा बाक देते. अशी धार पहिल्या दोन कापांना जोरात चालते आणि लगेच मरते.

त्या दुपारचे तुमचे हात मला आजही स्पष्ट दिसतात. आधी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवलीत, मग बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, व्हाईसमध्ये धरलात, चेन थोडी ताणलीत, ब्रेक लावलात आणि सगळ्यांत आखूड दात शोधून त्याच्यावर खडूची खूण केलीत, कारण बाकीचे सगळे दात त्याच्या मापाला आणायचे होते. दाताच्या पाठीवर कंपनीने कोरलेली तिरकी रेघ मी तोवर नक्षी समजत होतो. धारेचा कोन तीच दाखवते, बहुतेक चेनींना तो ३० अंश असतो, आणि दात झिजत त्या रेघेपर्यंत आला की चेनीचे आयुष्य संपले हेही तीच सांगते. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर राहील अशी ती धरायची आणि आतून बाहेर, एकाच दिशेने, सावकाश ढकलायची. परत आणताना उचलून आणायची. विळ्याला घासतात तसे पुढे-मागे केले की तुम्ही माझ्या मनगटावर टिचकी मारीत होता. दाताच्या वरच्या पाठीवर क्रोमचा पातळ थर असतो, धार खरी त्याच्या काठावर असते, आणि बाहेरून आत घासले की तो काठ तुटतो, हे कारण तुम्ही नंतर सांगितलेत. आधी टिचकी, मग कारण, अशी तुमची शिकवण्याची रीत होती आणि ती मला मानवली.

अठरा इंची बारवरच्या ७२ कड्यांच्या चेनीला ३६ दात असतात, १८ डावे आणि १८ उजवे. एका बाजूचे सगळे करून मग यंत्र फिरवायचे आणि दोन्ही बाजूंना कानशीचे फेरे सारखेच मारायचे, कारण एक बाजू आखूड झाली की काप सरळ न जाता एका अंगाला वळतो. डाव्या-उजव्या दातांच्या या रचनेमागची हकीकतही तुम्हीच सांगितलीत. अमेरिकेतल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी आलटून पालटून दोन्ही अंगांनी कुरतडताना पाहिली आणि १९४७ साली तशा दातांची चेन बाजारात आणली. आमच्याकडे फणसाच्या खोडातली अळी दिसली की लोक रॉकेल शोधतात.

पण सर्वांत मोठा उपकार पुढचाच. दात आरशासारखे झाले तरी माझी चेन लाकडात उतरेना, नुसता पिठासारखा भुसा पडत होता. तेव्हा तुम्ही जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा सरळ तुकडा दोन दातांवर आडवा ठेवलात आणि मधल्या उंचवट्यावर फीलर गेजची, म्हणजे बारीक फट मोजायच्या मापाची, पाती सरकवून दाखवलीत. प्रत्येक दाताच्या पुढे असलेला तो उंचवटा, म्हणजे डेप्थ गेज, दाताने लाकूड किती खोल धरायचे हे ठरवतो. दाताची पाठ मागे उतरती असते, त्यामुळे घासून दात मागे सरकला की त्याची उंची कमी होते, पण पुढचा उंचवटा जागच्या जागी राहतो, आणि शेवटी दात लाकडाला पोहोचतच नाही. बहुतेक चेनींना तिथे ०.६५ मिलिमीटरचा फरक हवा. तुमच्या गेजमध्ये तेवढी एक पाती नव्हती, म्हणून ०.४० आणि ०.२५ च्या दोन एकत्र धरल्यात. मग चपट्या कानशीने उंचवटा खाली घेऊन त्याची पुढची कड गोल केलीत, आणि त्याच ओंडक्यातून भुशाऐवजी नखाएवढ्या ढलप्या उडू लागल्या.

आमच्या भागात धार लावणारे पुष्कळ आहेत, पण या उंचवट्याकडे बघणारा मला दुसरा भेटलेला नाही, आणि निम्म्या "बाद" चेनी याच कारणाने भंगारात जातात असे माझे मत झाले आहे. जो कुणी ओसरीवर येतो त्याला मी आता धारेआधी ब्लेडचा तुकडा ठेवून दाखवतो. तीन-चार धारांनंतर एकदा माप घ्या, आणि उंचवटा हौसेने जास्त खाली नेऊ नका, नाहीतर चेन लाकूड अधाशासारखे धरते आणि बार उसळून अंगावर येऊ शकतो, हे तुमचे बोलणे तुमच्याच शब्दांत सांगतो. पैसे घेत नाही. कानस मात्र ज्याची त्याने आणावी, हा तुमचा नियम पाळला आहे.

आता एक अडचण. शेजारच्या गावातली एक चेन माझ्याकडे आली आहे. सागाच्या खोडात मुरलेल्या काटेरी तारेवर ती घासली गेली आहे. दोन दातांचा क्रोम पार मागेपर्यंत उडाला आहे, बाकीचे दात चांगले आहेत. त्या दोघांसाठी उरलेले सगळे आखूड करायचे, की ते दोन तसेच सोडून बाकीच्यांवर भागवायचे, यावर माझे मन ठरत नाही. मालकाला चेन वाचवायची आहे. फोनवर सांगू नका, पाहिल्याशिवाय तुम्ही काही बोलत नाही हे मला ठाऊक आहे. पाऊस उघडला की चेन घेऊनच येतो.

आपला आज्ञाधारक,
जांबोटी भागातील एक शेतकरी