कारखान्यांना हवा तो फोन द्या

महोदय,
विक्री घसरलेल्या मोबाइल कंपनीने सामान्य ग्राहक सोडून व्यावसायिकांकडेच वळावे, असा सल्ला अधूनमधून वाचायला मिळतो. ब्लॅकबेरी या मोबाइल कंपनीचा भर तिथेच होता. पण २००७ मध्ये आयफोन आला आणि पुढे कर्मचारीच आपल्या आवडीचा फोन घेऊन ऑफिसात येऊ लागले. २०१६ मध्ये कंपनीने स्वतः फोन बनवणे थांबवले. ती तगली सॉफ्टवेअरवर.

तरीही मला हा मार्ग चुकीचा वाटत नाही. मात्र व्यावसायिक म्हणजे फक्त पुण्या-मुंबईच्या बड्या कंपन्या नव्हेत. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, येऊन बघा. भट्टीची धग, वाळूची धूळ, हातात मोजे. इथल्या सुपरवायझरला भारी कॅमेरा नको. गोंगाटात ऐकू येणारा, बॅटरी बदलता येणारा, पाच वर्षे सुरक्षा अपडेट मिळणारा फोन हवा. गेल्या वर्षी आमचे सहा फोन सुटे भाग नाहीत म्हणून तीन आठवडे दुरुस्तीत अडकले आणि डिस्पॅचचे सगळे काम वहीवर आले. कोल्हापुरात सुटे भाग ठेवून दोन दिवसांत फोन परत देणाऱ्या कंपनीला आम्ही दोन पैसे जास्त मोजू.

– एक फाउंड्रीचालक, शिरोली, कोल्हापूर