लांब फटका आणि फुगलेले दंड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यावसायिक गोल्फपटूंच्या व्यायामावरील आपल्या क्रीडा पानाचे कात्रण आमच्या गावच्या आखाड्यात पोरांनी खिळ्याला टोचून ठेवले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. अमेरिकेच्या ब्रायसन डिशँबोने सुमारे १८ किलो वजन वाढवले आणि २०२० मध्ये यू. एस. ओपन जिंकली, एवढ्यावर लेख थांबतो. २०२२ मध्ये त्याने वजन बरेच उतरवले आणि २०२४ मध्ये तीच स्पर्धा पुन्हा जिंकली, हेही त्यात यायला हवे होते.

मी आर्वी तालुक्यातला निवृत्त व्यायामशिक्षक. गोल्फ पाहिला तो दूरचित्रवाणीवरच. मात्र बाभळीचे खोड फोडणारी माणसे जन्मभर पाहिली आहेत. नवखा खांद्याने घाव घालतो आणि दहा घावांत दमतो; सराईत माणूस आधी पाय रोवतो, मग कंबर वळवतो आणि हात शेवटी सोडतो. गोल्फमध्येही भार आधी पुढच्या पायावर येतो, मग कंबर, छाती, हात आणि सर्वांत शेवटी काठीचे टोक, आणि खाली येण्याचा हा सगळा खेळ पाव सेकंदाच्या आसपास उरकतो. अमेरिकेतील पुरुष व्यावसायिकांमध्ये या टोकाचा वेग सरासरी ताशी ११५ मैलांच्या घरात असतो आणि तो एका मैलाने वाढला तर चेंडू साधारण अडीच यार्ड पुढे पडतो.

तेव्हा वजन घेऊन बैठका काढून ताकद कमवावी हे खरे, पण ती चपळ करण्यासाठी उड्या मारणे, वजनदार चेंडू कंबर वळवून भिंतीवर फेकणे, हलकी काठी पूर्ण वेगाने फिरवणे हेही हवे, आणि तेही अंग ताजे असताना, मोजक्याच वेळा. थकलेल्या अंगाने केले तर वेगाऐवजी संथपणाचीच सवय लागते. लाकडी मुद्गलांची जोडी फिरवल्याने खांदे मोकळे आणि मनगटे पक्की होतात, पण तिची चाल सावकाश. तेवढ्याने वेग येईल असे, आखाड्याचा अभिमान असूनही, मी म्हणणार नाही. खुबा आणि छातीमागची पाठ नीट वळत नसेल, तर तो सारा पीळ कमरेच्या मणक्यांवर पडतो. व्यावसायिक गोल्फपटूंना कंबरदुखी फार छळते ती उगाच नव्हे.

लेखाचा हा उरलेला भाग एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाकडून लिहवून घेऊन आपण छापावा. ते कात्रण मी त्याच खिळ्याला लावीन.

आपला,
एक निवृत्त व्यायामशिक्षक,
ता. आर्वी, जि. वर्धा