शिवमोग्याला निघालेल्या लेकीस

दोडामार्ग
९ जानेवारी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आवाज चढला माझा. तेव्हापासून आई माझ्याशी धड बोललेली नाही. माकडतापाच्या कामासाठी गोचीड गोळा करायला शिवमोग्याला जाऊ नकोस असं मला म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून नेमकं तेच गेलं.

पांढरं फडकं पाचोळ्यावरून ओढत न्यायचं आणि त्याला चिकटलेले गोचीड चिमट्याने उचलून कुपीत टाकायचे, हे तू किती सहज सांगितलंस! अगं, फडक्याला चिकटतो तो माणसालाही चिकटतो. त्याचं पिल्लू तर खसखशीच्या दाण्याएवढं. रानातून आलीस की आधी कपडे गरम पाण्यात घाल. काखा, जांघा, कानामागे, केसांत नीट बघ. पाठ सोबतच्या मुलीला बघायला सांग, लाजू नकोस.

बघ, तुलाच शिकवायला बसलो. तू विषाणू शिकलीस, मी जन्मभर काजूची कलमं बांधली. रागावू नकोस.

पण २०१६ चा हंगाम डोळ्यांपुढून हलत नाही. वरच्या बागेत आधी दोन माकडं मेलेली सापडली. आम्ही ती नुसत्या हातांनी उचलून पुरली. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरून दुसरं अंग शोधतात, हे कोणाला ठाऊक होतं? तुझा बाळूकाका तिथेच काजूच्या बिया वेचत होता. ताप चढला, मलेरियाच्या गोळ्या दिल्या. काही दिवसांनी ताप उतरलाही. त्याने पेज मागितली तेव्हा आजीने देवाला नारळ ठेवला. आठवड्याने ताप पुन्हा उलटला आणि या खेपेला त्याला माणसं ओळखू येईनात. रक्त पुण्याला एनआयव्ही या विषाणू संस्थेकडे गेलं होतं. माकडताप असल्याचं कळलं तेव्हा बाराव्याची भांडी घासून झाली होती.

तू नववीत होतीस. माकडतापाच्या इंग्रजी नावातलं क्यासनूर हे शिवमोग्याकडच्या जंगलाचं नाव, १९५७ साली हा रोग तिथे पहिल्यांदा सापडला, हे तूच शोधून काढून मला वाचून दाखवलंस. काका का गेला ते मला शोधायचंय, म्हणालीस. मी लहान मुलीचं बोलणं समजून सोडून दिलं.

परवा गावातल्या आरोग्यसेविका आशाताई विचारत होत्या, बी वेचणाऱ्या बायकांना काय काय सांगू? मी सगळ्यांदेखत म्हटलं, थांबा, माझी मुलगी त्यावरच काम करते, तिला विचारतो. घरी येईपर्यंत छाती भरून आली होती. रात्री मात्र झोप नाही. जुन्या लशीचा गुण पुरेसा येत नव्हता, नेमकं औषध नाही, हेही तूच सांगितलेलं. आणि निघालीस ऐन हंगामात! पिल्लं याच दिवसांत रानात असतात म्हणून आत्ताच जायला हवं, हे कळतं गं मला. कळूनही काल ओरडलो.

गोचीड दूर ठेवणारं तेल मिळेल म्हणालीस ना, ते विसरू नकोस. आईने ओले काजूगर पाठवलेत. मी पांढरे लांब मोजे घेतलेत, सहा जोड. पांढऱ्यावर गोचीड पटकन दिसतो. पँट मोज्यात खोच.

बरं वाटेनासं झालं तर कामाचं निमित्त सांगून लपवू नकोस. आणि मनू, ताप उतरला तरी कळव.

तुझे
बाबा