मुनिया पकडल्या, पण कोणत्या?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पिंजऱ्यातल्या मुनिया जप्त झाल्याची बातमी अधूनमधून छापून येते आणि ‘मुनिया जातीचे पक्षी’ एवढ्यावरच आटोपते. कोणी विचारलंच, तर ‘लाल मुनिया हो, त्या काय कुठेही दिसतात’ असं उत्तर मिळतं. हे उत्तर मला खटकतं.

लाल मुनिया ओढ्याकाठच्या गवतात, उसाच्या बांधावर थव्याने दिसते हे खरं. पावसाळ्यात नर लालभडक होतो, अंगभर पांढरे ठिपके. वीण आटोपली की पुन्हा मादीसारखा मळकट. (‘रंग उडाला’ म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्या हौशी गिऱ्हाइकांना हे ठाऊक नसतं!) पाकिस्तानपासून इंडोनेशियापर्यंत तिचा वावर आहे. पिंजऱ्यातून सुटलेल्यांनी तर स्पेन, फिजी आणि हवाईतही बस्तान बसवलंय. मूळ प्रदेशच एवढा मोठा, म्हणून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत (कोणत्या प्रजातीला किती धोका आहे, हे सांगणारी यादी) ती ‘लीस्ट कन्सर्न’, म्हणजे सर्वांत कमी चिंतेची, आहे.

हिरवी मुनिया तिची सख्खी बहीणच. वरून शेवाळी, पोट पिवळं, चोच लाल, कुशीवर काळे-पांढरे पट्टे. मूळची मध्य आणि वायव्य भारतातली. अबूच्या डोंगरावर, गुरुशिखराच्या आसपासच्या शेतांत ती पाहायला पक्षिमित्र मुद्दाम जातात, कारण तिच्या वस्त्या तुटक उरल्यात. लाल यादीत ती ‘व्हल्नरेबल’, म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेली. एकेकाळी तीही पिंजऱ्यांसाठी युरोपात जात असे. या धरपकडीनेच तिचं मोठं नुकसान केलं.

पारध्याचं जाळं यादी वाचून लावलेलं नसतं. लाल मुनियेचा प्रदेश मोठा, म्हणून तिची तूट जगाच्या हिशेबात दिसत नाही. पण आपल्या माळावरचा एखादा थवा संपला, तर तो आपल्यापुरता संपलाच. शिवाय व्यापारबंदीत हा फरक नाही. भारतीय रानपक्ष्यांचा व्यापार 1990-91 पासून बंद आहे, लालही आणि हिरवीही. तरी मुनियांना रंग फासून भलत्याच नावाने विकण्याचा धंदा चालतो.

म्हणून वन विभागाने जप्तीनंतर जात, संख्या आणि पक्षी कुठे सोडले हे जाहीर करावं आणि आपण ते छापावं. हिरव्या मुनिया सापडल्या आणि ‘मुनियाच त्या’ म्हणून शहराजवळच्या टेकडीवर सोडून दिल्या, तर त्या सुटूनही आपल्या तुटक उरलेल्या वस्त्यांना उपयोगी पडल्या नाहीत.

कळावे,
आपला एक वाचक, सातारा