जप्त बिटकॉइनची किल्ली कोणाच्या खिशात? गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : पोलिसांनी जप्त केलेले बिटकॉइन सांभाळण्याबाबत.

महोदय,

नोकरीची तीस वर्षं मी उपकोषागारात काढली. मुद्रांकांची स्ट्राँगरूम उघडायला दोन किल्ल्या लागत. एक माझ्याकडे असे, दुसरी खजिनदाराकडे. तो रजेवर गेला की त्याची किल्ली रीतसर नोंद करून तिसऱ्याच माणसाकडे जायची, माझ्याकडे कधीच नाही. दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला सापडल्या असत्या, तर आतला एक मुद्रांकही हललेला नसताना माझी विभागीय चौकशी लागली असती. निवृत्तीनंतर भाच्याच्या नादाने बिटकॉइन शिकायला बसलो. पहिले काही महिने काही केल्या डोक्यात शिरेना. मग एके दिवशी लक्षात आलं, की हे आपल्या दुहेरी कुलपाचंच प्रकरण आहे, फक्त खोलीला भिंती नाहीत.

पत्र लिहायला कारण झालं ते पुण्याचं. दरमहा दहा टक्के परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेच्या प्रकरणात 2018 साली पुणे पोलिसांनी अटका केल्या. आरोपींची वॉलेट, म्हणजे बिटकॉइनची पाकिटं, उघडून बघायला, त्यातलं काय ते समजावून सांगायला बाहेरचे दोन तज्ज्ञ घेतले. मार्च 2022 मध्ये पुणे पोलिसांनी त्याच दोघांना अटक केली. आरोप असा, की त्यांनी आरोपींच्या वॉलेटमधली काही नाणी परस्पर वळवली आणि पोलिसांना शिल्लक कमी दाखवणारे, फेरफार केलेले स्क्रीनशॉट दिले. खरंखोटं न्यायालय ठरवेल. नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गेनबिटकॉइनचा तपास सीबीआयकडे गेला. मला त्या दोघांबद्दल काहीच म्हणायचं नाही. मला त्या व्यवस्थेबद्दल म्हणायचं आहे, जिच्यात एकच माणूस पेटी उघडतो, तोच मोजतो आणि आत किती आहे हेही तोच सांगतो. कोषागारात अशी व्यवस्था एक दिवस टिकली नसती.

आता मुळाशी येतो. झडतीत पेनड्राइव्हएवढं एक यंत्र सापडतं, हार्डवेअर वॉलेट. ते पिशवीत घालून, लाखेचा शिक्का मारून मुद्देमाल कारकुनाकडे जमा होतं आणि पंचनाम्यात ‘बिटकॉइन जप्त’ अशी ओळ पडते. प्रत्यक्षात काहीच जप्त झालेलं नसतं. नाणी त्या यंत्रात नसतातच. ती जगभरच्या संगणकांवर ठेवलेल्या एकाच वहीत असतात आणि यंत्रात असते फक्त सही करण्याची किल्ली. ही किल्ली 12 किंवा 24 इंग्रजी शब्दांतून पुन्हा तयार करता येते. हे शब्द 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतलेच असतात. आरोपीच्या मेहुण्याकडे सुरतेत त्या शब्दांचा कागद असेल, तर तुमचं सीलबंद यंत्र कपाटात पडून असतानाच रात्रीत सगळी नाणी निघून जातील. सील जसंच्या तसं राहील. पंचही शपथेवर खरंच सांगतील.

म्हणून पहिली गोष्ट : धाड घालण्याआधी राज्याचा स्वतःचा बिटकॉइन पत्ता, म्हणजे खाते क्रमांकासारखी गोष्ट, तयार हवा. किल्ली हाती लागली की जागच्या जागी, पंचांसमोर, आधी थोडी रक्कम त्या पत्त्यावर पाठवून बघायची आणि ती पोचली की उरलेली. त्या वहीला दर दहा मिनिटांनी सरासरी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचं एक पान, जोडला जातो. सहा ब्लॉक, म्हणजे साधारण तासभर थांबलं की व्यवहार पक्का समजायला हरकत नाही. त्या व्यवहाराचा क्रमांक पंचनाम्यात लिहायचा. रक्कम रुपयांत लिहू नये, दुपारपर्यंत ती बदललेली असेल. सातोशीत लिहावी. एका बिटकॉइनचे 10 कोटी सातोशी होतात आणि त्यांचा आकडा भावाबरोबर हलत नाही. व्यवहार वहीत चढवण्यासाठी द्यायच्या शुल्काची काटकसर या वेळी करू नये. 20 एप्रिल 2024 ला सरासरी शुल्क शंभर डॉलरच्या पुढे गेलं होतं. त्या दिवशी घासाघीस करणाऱ्यांचे व्यवहार ताटकळले. चोराच्या साथीदाराने जास्त शुल्क लावून तीच नाणी आधी हलवली, तर तुमचा ताटकळलेला व्यवहार रद्दी.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावं लागतं. हा नियम उत्तमच आहे. पण हवालदार मोबाइल धरून चित्रीकरण करतो आहे आणि टेबलावर 24 शब्दांचा कागद पालथा न ठेवता उताणा ठेवलेला आहे. आता ती किल्ली चित्रफितीत गेली, दंडाधिकाऱ्यांकडे गेली, वाटेत ज्याने ज्याने ती फीत पाहिली त्याच्याकडे गेली. प्रामाणिक अंमलदाराने तेच शब्द काळजीपूर्वक पंचनाम्यात उतरवले, तर दोषारोपपत्राबरोबर त्यांची प्रत आरोपीलाही कायद्यानेच मिळणार. शिवाय आपल्याकडे मुद्देमाल टेबलावर मांडून, मागे अधिकाऱ्यांची रांग उभी करून फोटो काढायची हौस आहेच. नोटांच्या थप्पीचा फोटो छापून आला म्हणून नोटा कमी होत नाहीत. शब्दांच्या कागदाचा आला, तर पेपर दारात पडायच्या आत वॉलेट रिकामं झालेलं असेल. असा कागद सापडताच पालथा करायचा, नाणी हलवायची आणि मगच कागदाची नोंद करायची, एवढा क्रम जरी परिपत्रकाने ठरवून दिला तरी खूप झालं.

आणखी दोन खाचखळगे भरभर सांगतो. काही यंत्रं ठरावीक वेळा चुकीचा पिन टाकला की आतलं सगळं पुसून टाकतात. ठाण्यात बसून जन्मतारखा टाकून बघू नयेत. आणि 24 शब्दांखेरीज एक गुप्त शब्दही लावता येतो, त्याने वेगळंच वॉलेट उघडतं. वरवरच्या वॉलेटमध्ये दहा-वीस हजारांची चिल्लर दिसली म्हणून तपास अधिकाऱ्याने हात झटकू नयेत. चिल्लर मुद्दाम ठेवलेली असते.

आता सांभाळण्याचं. इथे माझा अनुभव कामी येतो. बिटकॉइनमध्ये ‘मल्टिसिग’ नावाची सोय आहे, म्हणजे नाणी हलवायला पाचपैकी कोणत्याही तीन किल्ल्यांची सही लागेल असं कुलूप. पाच किल्ल्या कोणाकडे ठेवाव्यात, हे मी उघडच सुचवतो : गृह विभाग, पोलीस महासंचालकांचं कार्यालय, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, लेखा व कोषागारे संचालनालय आणि उच्च न्यायालयाचे प्रबंधक. कोणत्याही दोन किल्ल्या एकत्र आल्या तरी कुलूप उघडणार नाही. एखादी किल्ली हरवली तरी अडणार नाही. शब्द कागदावर न लिहिता पोलादी पट्टीवर ठोकून घ्यावेत आणि पट्ट्या वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या कोषागारांत ठेवाव्यात. तिथे स्ट्राँगरूम आहे, पहारा आहे आणि किल्लीच्या नोंदवहीवर सही करायची सवय आहे. कागदाचं काय होतं ते मी सांगायला नको. आपल्या मंत्रालयात 21 जून 2012 ला आग लागली तेव्हा किती फायली गेल्या, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. माझी स्वतःची शब्द लिहिलेली पहिली वही वाळवीने खाल्ली. बारापैकी सात शब्द उरले होते. रक्कम किरकोळ होती, पण त्या रात्री झोप लागली नाही.

एक बारकावा फार जणांना माहीत नसतो. पाचपैकी तीन पट्ट्या हाती असल्या तरी तेवढ्यावर कुलूप परत बांधता येत नाही, पाचही किल्ल्यांच्या सार्वजनिक भागाची, म्हणजे ज्याने सही करता येत नाही अशा भागाची, नोंदही लागते. ती नोंद प्रत्येक पट्टीसोबत ठेवावी. ती चोरीला गेली तर शिल्लक किती हे चोराला कळेल, पण नाणी हलवता येणार नाहीत.

‘एवढा उपद्व्याप कशाला, नाण्यांची खरेदी-विक्री चालते अशा एखाद्या एक्स्चेंजकडे ठेवायला द्या’ असं कोणीतरी आपल्याला सुचवेलच. त्यांना 18 जुलै 2024 ची आठवण द्यावी. वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून त्या दिवशी सुमारे 23 कोटी डॉलरची मालमत्ता गेली आणि सामान्य ग्राहकांचे पैसे अडकले. प्रामाणिकपणे हेही सांगितलं पाहिजे, की तेही वॉलेट अनेक सह्यांचंच होतं. कंपनीच्याच म्हणण्यानुसार पडद्यावर दिसत होतं एक आणि सही झाली भलत्यावरच. म्हणजे पाच जण नेमले की काम झालं असं समजू नये. तिसऱ्या माणसाने पहिल्या दोघांच्या सह्या बघून सही ठोकली, तर त्याचा काय उपयोग? कोऱ्या धनादेशावर सही न करणारे रोखपाल आपल्याकडे आहेत, त्यांनाच इथे बसवा. प्रत्येकाने आपापल्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर पत्ता अक्षर न् अक्षर वाचायचा, मग बटण दाबायचं.

बदल्यांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण आपल्या राज्यात बदली हा ऋतू आहे. कोषागारात कार्यभार सोडताना किल्ली दिली की विषय संपतो. शब्दांचं तसं नाही. ज्याने एकदा वाचले, त्याच्याकडून ते परत घेता येत नाहीत. अमेरिकेत सिल्क रोड या अमली पदार्थांच्या ऑनलाइन बाजाराच्या तपासातला सीक्रेट सर्व्हिसचा एजंट शॉन ब्रिजेस स्वतःच नाणी चोरताना सापडला. गुन्हा कबूल करायला तयार झाल्यानंतरही त्याने जुलै 2015 मध्ये सरकारने जप्त केलेल्या वॉलेटमधून आणखी सुमारे 1600 बिटकॉइन काढून नेले, कारण किल्ली त्याला अजून ठाऊक होती. नाणी दुसऱ्या पत्त्यावर हलवा असं त्याच्या खात्याला आधीच सांगितलं गेलं होतं. खात्याने हलवली नाहीत. त्यामुळे बदलीच्या आदेशाबरोबरच नवी किल्ली बनवायची आणि नाणी नव्या कुलपात न्यायची, हा नियम कलमासकट लिहून ठेवायला हवा.

राहिला प्रश्न स्क्रीनशॉटचा. पुण्याच्या प्रकरणातला हा भाग सगळ्यात सहज टळला असता. बिटकॉइनची वही कोणालाही वाचता येते. माझ्या घरी इन्व्हर्टरशेजारी हाताच्या पंज्याएवढा एक संगणक आहे, त्याला 2 टीबीची डिस्क जोडली आहे. बिटकॉइन कोअर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्यावर चालतं. 3 जानेवारी 2009 च्या पहिल्या ब्लॉकपासून आजपर्यंतची सगळी वही, 700 जीबीच्या वर, त्याने स्वतः उतरवून तपासली. माझ्या इंटरनेटवर त्याला नऊ दिवस लागले. महिन्याला सहा युनिट वीजही खात नाही. (घरात त्याला ‘तुमचा खजिनदार’ म्हणतात.) असा एक संगणक (याला नोड म्हणतात) पुण्यात आणि एक नागपुरात ठेवा, त्याला फक्त बघता येणारं, सही न करता येणारं वॉलेट जोडा. शिल्लक कुणा तज्ज्ञाने सांगायची गरजच उरत नाही, ठाणे अंमलदारही सकाळी बघून डायरीत लिहील. इंटरनेटवरच्या एखाद्या फुकट संकेतस्थळावर पत्ता टाकूनही हे दिसतं. पण मग महाराष्ट्र पोलीस कोणत्या पत्त्यावर डोळा ठेवून आहेत, हे त्या संकेतस्थळाच्या मालकाला कळतं. जागा वाचवण्यासाठी जुने ब्लॉक पुसून टाकायचीही सोय आहे. घरच्या वापराला ती चालेल, पण तपासाला जुना हिशेब लागतो, म्हणून सरकारी नोडवर वही अख्खी ठेवावी.

विकायचं की ठेवायचं, यात मी फार बोलणार नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम 497 प्रमाणे खटला चालू असतानाही मुद्देमालाची विल्हेवाट लावण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. जर्मनीतल्या सॅक्सनी राज्याने 2024 च्या उन्हाळ्यात जप्तीतले जवळपास 50 हजार बिटकॉइन 2.64 अब्ज युरोंना विकले आणि वर्षभरात भाव दुपटीच्या आसपास गेला. तिथले अधिकारी चुकले असं मी म्हणणार नाही, भाव निम्मा झाला असता तर त्यांनाच शहाणे म्हटलं असतं. पण ज्या फिर्यादीने 2017 मध्ये नाण्यांच्या रूपात पैसे गुंतवले, त्याला परत काय द्यायचं, तेव्हाचे रुपये की तेवढीच नाणी? याचं उत्तर विक्रीच्या आधी ठरायला हवं.

माझी मागणी एका ओळीची आहे. आज राज्याच्या ताब्यात किती सातोशी आहेत आणि प्रत्येक पत्त्याच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत, हे दोन आकडे आपल्या खात्याने जाहीर करावेत. माणसांची नावं नकोत, पत्ते द्यायचे की नाही ते तपास अधिकाऱ्यांनी ठरवावं. ‘एक’ हा आकडा कुठे निघाला, तर त्या पत्त्यापासून सुरुवात करा.

नाशिकच्या पोलीस अकादमीत कधी तासभर मिळाला, तर माझा खजिनदार पिशवीत घालून एसटीने येईन. मानधन नको, एक प्लग पॉइंट लागेल.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त उपकोषागार अधिकारी,
सातारा जिल्हा