विषय: डायनिमा म्हणून पाठवलेली दोरी पाण्यात बुडते, पैसे परत करा

नमस्कार,

मी कोल्हापुरातून लिहितोय, उद्यमनगरात लेथवर काम करतो. गेल्या महिन्यात तुमच्याकडून हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधून झोपायची झोळी, टांगायची अल्ट्रालाइट डायनिमा दोरी (डायनिमा म्हणजे वजनाला हलका पण खूप भक्कम असा प्लास्टिकचा धागा) मागवली होती, ३ मिमी, १० मीटर, १,१५० रुपये. चॅटवर तीनदा बोललो, तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं, म्हणून आता सगळं एकदाच लिहून पाठवतोय. कृपा करून शेवटपर्यंत वाचा, पहिली ओळ बघून तयार उत्तर चिकटवू नका.

हलकी दोरी कशाला पाहिजे होती ते आधी सांगतो. आम्ही मित्र पावसात पन्हाळा ते पावनखिंड चालत जातो, खाली सगळा चिखल, आणि सॅकमधलं जादाचं पावशेरसुद्धा दुसऱ्या दिवशी खांद्याला कळतं. लक्ष्मीपुरीत १० मिमीचा नायलॉनचा दोर मिळतो, भक्कम असतो, त्यावर माझा विश्वास आहे, पण १० मीटर घेतला तर ६०० ग्रॅमच्या वर जातो आणि भिजला की अजून जड. तुमच्या पानावर लिहिलं होतं ६५ ग्रॅम, ताकद १००० किलो, वजन पडलं तरी लांबत नाही. हे आकडे वाचून पैसे दिले, फोटो बघून नाही.

ट्रेकला न्यायच्या आधी ट्राय करावी म्हणून राधानगरी रोडला मामाच्या शेतात दोन आंब्यांना हॅमॉक बांधला. झाडाची साल सोलू नये म्हणून बुंध्याला २५ मिमीचे पॉलिस्टरचे पट्टे, त्यांना तुमची दोरी, आणि दोरीचा आडव्या रेषेशी कोन ३० अंशाच्या आसपास. तेवढ्या कोनात प्रत्येक बाजूला साधारण झोपणाऱ्याच्या वजनाइतकाच ताण येतो, ताठ ओढून १० अंशावर आणली तर तोच जवळपास तिप्पट होतो, हे मला माहिती आहे, मी आडदांडपणे बांधलेलं नाही. सकाळी एकटा झोपलो, माझं वजन ७८ किलो. बसलो तेव्हा हॅमॉक खुर्चीएवढा उंच होता, पंधरा मिनिटांत पाठ गवताला टेकली. वाटलं नवी दोरी आहे, गाठी आवळल्या असतील, परत वर घेऊन बांधली. दुपारी जेवून पोरगीला शेजारी घेऊन बसलो, ती ९ वर्षांची, २६ किलोची, आणि बसता बसताच डोक्याकडची दोरी गाठीजवळ तुटून आम्ही दोघं पाठीवर खाली. पोरगीचं कोपर दगडावर आपटलं. हाड शाबूत आहे, पण कोपर सुजलं आणि आठवडाभर तिला त्या हातानं वही धरता आली नाही. ती दगडावर डोक्यानं पडली असती तर मी हे पत्र लिहायच्या अवस्थेत नसतो.

मामांनी तुटलेलं टोक हातात घेऊन पीळ उलगडून बघितला, त्यांचा जन्म कासरे आणि दावी वळण्यात गेला, म्हणाले ह्या दोरीला मी शेळीसुद्धा बांधली नसती. मग मी घरी येऊन नीट तपासलं. व्हर्नियरनं, म्हणजे जाडी मोजायच्या मापानं, मापली तर ३.९ मिमी. वजन ११० ग्रॅम. तुमच्या फोटोत आतून पोकळ विणलेली दोरी दिसते, ही कापली तर वर विणलेलं कवच आणि आत सात पांढऱ्या लडी सुट्या. म्हणजे ही पॅराकॉर्ड आहे, पॅराशूटला वापरतात तसली बारीक दोरी, तंबूचे ताण बांधायला उत्तम, पण चांगल्यातली चांगली घेतली तरी साधारण २५० किलोला तुटते, वर गाठ मारली की त्यातली निम्म्यापर्यंत ताकद गाठ खाते. आमचं दोघांचं १०४ किलो आणि बसतानाचा हिसका धरा, मग तुटणार नाही तर काय.

आणि शेवटचं, जे कुणीही घरात करून बघू शकतो. डायनिमाचा धागा पाण्यापेक्षा हलका असतो, घनता ०.९७, तो तरंगतो. नायलॉन आणि पॉलिस्टर बुडतात. मी बादलीत तुमच्या दोरीचा वीतभर तुकडा टाकला, चिमटीत दाबून आतली हवा काढली आणि सोडला, सरळ तळाला गेला. मित्राकडं खऱ्या डायनिमाचा तुकडा होता तोही तसाच दाबून सोडला, तो वर आला. व्हिडिओ सोबत जोडलाय, एकाच बादलीत दोन्ही दिसतायत.

तुमच्या ताईंनी पहिल्यांदा सांगितलं की रिटर्नचे ७ दिवस संपले. दुसऱ्यांदा सांगितलं की डायनिमा गुळगुळीत असते म्हणून गाठ सुटली असेल. आता बघा, डायनिमावर साधी गाठ घसरते हे खरंच आहे, पण माझी गाठ सुटलेली नाही, ती तुटलेल्या टोकावर अजून जशीच्या तशी बसलीय, फोटो आहे. तिसऱ्यांदा सांगितलं की वजन जास्त झालं. पाकिटावर १००० किलो छापून १०४ किलोला वजन जास्त झालं म्हणता? त्या ताईंवर माझा राग नाही, त्यांना जे लिहून दिलंय तेच त्या वाचतात, पण पाकिटावर आकडा छापणारा माणूस कंपनीत कुणीतरी असेलच, हे पत्र त्याच्यापर्यंत पोचवा.

मला १,१५० रुपये परत पाहिजेत आणि पोरगीच्या एक्स-रेचा खर्च पाहिजे, पावती जोडलीय. पण त्याच्या आधी ही दोरी विक्रीतून काढा आणि ज्यांनी ज्यांनी घेतलीय त्यांना मेसेज करा की ह्यावर माणूस झोपवू नका. पैसे उशिरा दिले तरी चालतील, हा मेसेज आज गेला पाहिजे. कोण कुठल्या कड्याच्या काठावर बांधून झोपला असेल सांगता येत नाही, आणि आमच्यासारखं खाली गवत सगळ्यांच्या नशिबात नसतं. १००० किलोची टेस्ट कुठल्या लॅबमध्ये केली त्याचा कागदही पाठवा.

१५ दिवस वाट बघतो. नाहीतर १९१५ ह्या नंबरवर ग्राहक हेल्पलाइनला नोंद करणार, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणं मी जिथं राहतो तिथंच तक्रार दाखल करता येते, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तुमच्या शहरात यायची मला गरज नाही.

तुटलेली दोरी मी परत पाठवणार नाही, ती गाठीसकट पिशवीत बांधून ठेवलीय. तपासायला माणूस पाठवायचा असेल तर रविवार सोडून कधीही पाठवा, बादली आणि व्हर्नियर दोन्ही इथं आहेत, त्याच्यासमोर परत करून दाखवतो.

आपला,
एक गिऱ्हाईक, कोल्हापूर