मीठ खालून वर कसं येतं?

कुरुंदवाड,
१८ जानेवारी

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तू शेतावर आला होतास. नाल्याकडच्या तुकड्याच्या बांधावर उभा राहून म्हणालास, "युरियाचं पोतं फुटलं काय रे इथं?" मी म्हटलं, मातीवर मीठ फुटलंय. त्यावर तू जे विचारलंस ते अजून डोक्यातून जात नाही. "पाणी तर वरून खाली जातं, मग मीठ खालून वर कसं आलं?" तेवढ्यात तुझ्या गाडीची वेळ झाली आणि मी नुसता हसलो. खरं सांगायचं तर उत्तर मला तेव्हा नीट येतच नव्हतं. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस, स्वतःच्या शेतात उभा, आणि उत्तर नाही! आता ऊस गेलाय, हाताला थोडी सवड आहे, म्हणून लिहितो. पत्र लांबणार, चहा घेऊन बस.

बारावीचं प्रॅक्टिकल आठवतं? बीकरमध्ये उभी केलेली केशनलिका, म्हणजे केसासारख्या बारीक भोकाची काचेची नळी, शेजारी टोकदार पिन, आणि चल सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेले आपण दोघं. पाणी नळीत किती चढलं ते मोजायचं, नळीच्या भोकाची त्रिज्या मोजायची आणि सूत्रात घालून पाण्याचा पृष्ठताण काढायचा. आपलं उत्तर काही केल्या येईना, कारण नळी धुताना तू ती तेलकट हातांनी पुसली होतीस. (डब्यातली शेंगदाण्याची चटणी. मी विसरलेलो नाही.) मग आपण आधी पुस्तकातलं ७२ हे उत्तर लिहिलं आणि त्यावरून उलटी रीडिंग तयार केली. सरांनी जर्नलवर सही केली आणि फक्त म्हणाले, "पाणी तुमच्यापेक्षा प्रामाणिक असतं." तेव्हा वाटलं टोमणा आहे. टोमणाच होता, पण त्यात फिजिक्सही होतं. काचेवर तेलाचा नुसता हात फिरला तरी पाणी तिला धरत नाही, आणि धरत नाही म्हणून चढत नाही.

सगळा खेळ या धरण्याचाच आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात, तसे काचेलाही ओढतात, आणि स्वच्छ काचेची ओढ त्यांना जास्त. म्हणून काठाशी पाणी काचेला बिलगून थोडं वर सरकतं आणि त्याचा माथा मधे खोलगट होतो, वाटीसारखा. पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा असतो, त्याला असं वाकलेलं राहायचं नसतं. तो सपाट व्हायला बघतो आणि मधलं पाणी वर घेतो. काठ पुन्हा वर सरकतो, मधलं पुन्हा मागे येतं. खोलगट माथ्याच्या लगेच खाली दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून बीकरमधलं पाणी आत ढकललं जातं. हे कुठवर चालतं? नळीत चढलेल्या पाण्याचं वजन त्या ओढीइतकं होईपर्यंत. पाऱ्याचं नेमकं उलट. त्याची आपापसातली ओढ एवढी जबर की काचेला तो विचारत नाही. माथा फुगीर होतो आणि बारीक नळीत पारा बाहेरच्या पातळीच्याही खाली उतरतो.

पण नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच, हे का? आपण ते पाठ केलं होतं, समजून घेतलं नव्हतं. मला ते परवा मोटारीच्या खोलीत बसून कागदावर मांडल्यावर कळलं. ओढणारा असतो काठ, म्हणजे परीघ. ओझं असतं पाण्याचं, म्हणजे क्षेत्रफळ गुणिले उंची. त्रिज्या निम्मी केली तर काठ निम्मा होतो, पण तेवढ्याच उंचीच्या पाण्याचं ओझं पावच राहतं. ओढणारे निम्मे, ओझं पाव! मग पाणी दुप्पट चढणारच. एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी जेमतेम दीड सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटरला १५ सेंटिमीटर आणि ०.०१ मिलिमीटरला दीड मीटर. डोक्याच्या केसाएवढं भोक धरलंस तर सव्वा ते दीड फूट. पाण्याच्या अशा चढण्याला केशाकर्षण म्हणतात, नाव किती चपखल आहे बघ. आपण वर्गात त्यावरून फक्त सरांच्या टकलावर विनोद केले.

हा उंचीचा नियम ज्युरिनच्या नावानं ओळखला जातो. जेम्स ज्युरिन हा इंग्लंडमधला डॉक्टर, साल १७१८. त्याच्या थोडं आधी फ्रान्सिस हॉक्सबीनं लंडनच्या रॉयल सोसायटीत असे प्रयोग करून दाखवले होते. हवा काढून टाकलेल्या भांड्यातही पाणी चढतंच, म्हणजे हे हवेचं काम नाही. आणि नळीची काच जाड असो की पातळ, पाणी सारखंच चढतं. म्हणजे काचेची ओढ फक्त अगदी आतल्या पृष्ठभागाची, मागच्या जाडीचा काही उपयोग नाही. किती साधा प्रयोग आणि केवढं उत्तर! ब्रुक टेलरनं १७१२मध्ये दोन काचा एका बाजूला टेकवून, दुसऱ्या बाजूला किंचित उघड्या ठेवून पाण्यात उभ्या केल्या, तर पाणी सुंदर वळण घेत चढलं. हा तोच टेलर, ज्याच्या गणितातल्या सिरीजनं एस.वाय.ला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, आपला घाम काढला. मी फोटोफ्रेमच्या दोन काचा घेऊन, एका बाजूला आगकाडी अडकवून, कुंकवाच्या पाण्यात तो प्रयोग केला. टेकलेल्या बाजूला पाणी सरसर वर, उघड्या बाजूकडे उतरत उतरत जवळजवळ सपाट. आई म्हणाली, देवाचं कुंकू संपवलंस. आणि आइन्स्टाइनचा छापून आलेला पहिला निबंध याच विषयावरचा होता, १९०१ सालचा. पुढं त्यानं स्वतःच तो टाकाऊ ठरवला. आपलं जर्नल त्या मानानं बरंच टिकलं म्हणायचं.

आता शेताकडे येतो. काळी माती म्हणजे काय, तर काचेच्या नळ्यांच्या जागी वेड्यावाकड्या, एकमेकांत शिरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या नळ्यांचा गठ्ठा. वाळूत कणाकणांतली फट मोठी, चिकणमातीत अतिशय बारीक. मी गवंड्याकडून लेव्हल पाइपचे दोन तुकडे आणले, चार-चार फुटांचे. एकात नदीची वाळू भरली, दुसऱ्यात आपल्या तुकड्यातली माती वाळवून, कुटून, चाळून. दोन्हींची खालची तोंडं फडक्यानं बांधून पाण्याच्या परातीत उभी केली. वाळूत पाणी दुपारपर्यंत वीतभर चढलं आणि थांबलं ते थांबलंच. मातीत पहिल्या दिवशी जेमतेम चार बोटं. मी म्हटलं, प्रयोग फसला. पण ती थांबेना. बारीक नळीतून पाणी सरकायला वेळ लागतो, मात्र ओढ कमी होत नाही. आज तिसरा आठवडा चालू आहे, ओलाव्याची काळी रेघ दीड फुटाच्या वर गेलीय आणि रोज खडूनं खूण केली की दुसऱ्या दिवशी ती खूण बुडालेली असते.

नाल्याकडच्या तुकड्यात खड्डा घेतला तर अडीच फुटांवर पाणी लागलं. आबांच्या तरुणपणी तिथं विहिरीचंही पाणी कितीतरी खाली असायचं. मग नदीवरून उपसा आला, पाटानं पाणी आलं, आणि ऊस म्हटला की पाजा पाणी. दोष कुणाला देऊ? पाण्याची पाळी चुकेल म्हणून रात्री उठून गरज नसताना दारं मोडणाऱ्यांत, म्हणजे रानात पाणी सोडणाऱ्यांत, मीही होतो. जास्तीचं पाणी मुळांखाली गेलं, जायला वाट नाही, म्हणून साठत साठत वर आलं. अडीच फुटांवरचं पाणी बारीक नळ्यांनी वरच्या थरापर्यंत आणणं या मातीला काहीच जड नाही.

पण इथं एक गंमत आहे, आणि तीच तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मला विचारलं होतं, पाणी जेवढं चढू शकतं त्याहून नळी आखूड ठेवली तर वरून कारंजं उडेल का? मी हो म्हणालो होतो. चूक. पाणी तोंडाशी येतं, माथ्याचा खोलगटपणा कमी होतो आणि ते गप्प उभं राहतं. केशनलिका पाणी वर आणते, ओतत नाही. ते वाहतं ठेवायला वरून कुणीतरी उचलून न्यावं लागतं. समईत ते काम ज्योत करते. तेल जळतं, वात रिकामी होते, म्हणून खालचं तेल वर येत राहतं. शेतात ते काम ऊन करतं. वरचं पाणी वाफ होऊन गेलं की खालचं त्याच्या जागी हजर. वाफ मात्र मीठ घेऊन जात नाही. ते तिथंच राहतं.

हिशेब करून बघ. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. समज, रोज फक्त एक मिलिमीटर पाणी असं खालून येऊन उडालं, तर ते ४,०४७ लिटर झालं. त्या पाण्यात लिटरला दोन ग्रॅम क्षार धर. रोज आठ किलो! शंभर दिवसांत आठशे किलो, म्हणजे पन्नास किलोची सोळा पोती, एका एकरात. कुणी टाकली नाहीत, कुणी वाहून आणली नाहीत. तू युरियाचं पोतं म्हणालास ते फारसं चुकीचं नव्हतं, फक्त आकडा कमी पडला. आणि त्या मिठामुळं मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ऊस ओल्या जमिनीत उभा राहून तहानलेला. पानांची टोकं करपलेली तू बघितलीसच.

आबा आयुष्यभर म्हणायचे, "एक कोळपणी, अर्धं पाणी." आपण कॉलेजात गेल्यावर मला ते अडाणी वाटायचं. कोळप्यानं काय पाणी मिळणार? मिळत नाही, वाचतं. कोळपं वरची दोन बोटं माती मोकळी करतं, भेगा बुजवतं, वर येणाऱ्या बारीक नळ्या तिथंच तुटतात. ढेकळांमधल्या मोठ्या फटीत पाणी चढत नाही, वरचा थर सुकतो आणि खालच्या ओलीवर पांघरुणासारखा बसतो. ज्युरिनचं नाव न ऐकता आबा ज्युरिनचा नियम वापरत होते. मी नियम जाणून कोळपं विकलं.

मात्र खारावलेल्या जमिनीला नुसतं कोळपून भागत नाही, हेही आता कळलंय. ज्युरिननं अशी नळी घेतली होती जिचा खालचा भाग रुंद आणि वरचा बारीक. आपण होऊन पाणी रुंद भागातून फार चढत नाही. पण नळी आधीच पूर्ण भरलेली असेल तर वरचा बारीक भाग खालचं सगळं ओझं धरून ठेवतो. आमच्या शेताचं तेच झालंय. एकदा महापुरानं किंवा पाटानं गच्च भरलं की लहानमोठ्या सगळ्या फटी भरतात आणि मग ते पाणी सुटता सुटत नाही. वाफसा, म्हणजे औत घालण्याजोगी बेताची ओल, येतच नाही. औत घालावं तर चिखल, थांबावं तर दगड.

तेव्हा या ओढीशी भांडण्यात अर्थ नाही, तिच्या तोंडचं पाणीच खाली न्यायचं. सच्छिद्र पाइपांचा निचरा घालायचं ठरवलंय. ऐंशी मिलिमीटरचे भोकाभोकांचे पाइप, वर गाळणीचं कापड, सव्वा मीटर खोल, उतार धरून नाल्यापर्यंत. पाण्याची पातळी खाली गेली की वरून गोड्या पाण्यानं मीठ धुवून त्याच वाटेनं बाहेर काढायचं. अडचण पाइपांची नाही, माणसांची आहे. उतार माझ्या एकट्याच्या शेतात संपत नाही, खालच्या चौघांच्या रानातून जावा लागतो. तिघे तयार आहेत. चौथ्याचं म्हणणं, माझ्या रानात अजून मीठ फुटलं नाही, मी का खर्च करू? त्याच्या रानात खड्डा घेऊन दाखवला, साडेतीन फुटांवर पाणी. तो बराच वेळ खड्ड्यात बघत राहिला. अजून हो म्हणालेला नाही.

झाडांचं तू विचारशील म्हणून सांगून टाकतो. उंच झाड नुसत्या अशा नळ्यांवर चालत नाही. खोडातली नळी ०.०५ मिलिमीटर त्रिज्येची धरली तर तिच्यात पाणी फूटभर चढेल, संपलं. खरी ओढ पानांत आहे. तिथल्या पेशीभित्तिकांतल्या फटी खोडातल्या नळीपेक्षा हजारो पटींनी बारीक, आणि उन्हानं त्यांतलं पाणी उडत राहतं. पाण्याचा अखंड दोर तिथून खाली मुळांपर्यंत ताणलेला असतो. जगदीशचंद्र बोसांना मात्र वाटायचं की झाडाच्या जिवंत पेशीच धडधडून रस वर ढकलतात. १९२३ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. पण त्याच्याही आधी स्ट्रासबुर्गर या जर्मन माणसानं विष पाजून खोडातल्या पेशी मारल्या होत्या, आणि पाणी तरी चढतच राहिलं होतं.

चर खणायला फाल्गुनात सुरुवात करायचा विचार आहे, चौथा तयार झाला तर. तू चार दिवस काढून ये. लेव्हल पाइपातली मातीची रेघ तोवर कुठवर जाते ते मी रोज वहीत लिहून ठेवतोय, या वेळी उलटी रीडिंग नाहीत. आई विचारतेय, वहिनींना गूळ किती हवा. आणि हो, येताना शेंगदाण्याची चटणी आणू नकोस, इथं आहे.

तुझा,
बाळू